मायक्रो जेल की साधी ट्यूब?

तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या एका २६ वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून सारांश देते. बारावीपासून तिच्या गालांवर आणि हनुवटीवर मुरुमं येतात. लग्न ठरलंय, पाच महिन्यांवर आलंय, म्हणून रजा काढून ती जिल्ह्याच्या गावी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली. त्यांनी ट्रेटिनॉइनचं ०.०४ टक्के ‘मायक्रो’ जेल लिहून दिलं. गावातला केमिस्ट म्हणाला, “औषध तेच असतं. मायक्रो म्हणजे नुसता पैसा. ही साधी ट्यूब न्या, एक तृतीयांश किमतीत येते.” ती ट्यूब ०.०५ टक्क्यांची होती. रोज रात्री चेहराभर लावली. आठवड्यात २० ग्रॅमची ट्यूब अर्धी संपली, चेहरा लालबुंद झाला, साल सुटायला लागली. मैत्रीण म्हणते, “आग होतेय म्हणजे औषध लागू पडतंय, सोडू नकोस.” आई म्हणते, “ते विष आधी बंद कर, हळद नि साय लाव.” धाकट्या भावानं मोबाईलवर वाचून सांगितलं की मायक्रो जेलमध्ये प्लास्टिकचे बारीक गोळे असतात आणि ते कातडीतून रक्तात जातात. तिचे प्रश्न असे: डॉक्टरांनी महागाचं औषध उगाच लिहिलं का? प्लास्टिक अंगात जाईल का? आणि लग्नापर्यंत चेहरा स्वच्छ व्हायचा तर करू काय?

उत्तर

अगं, तुझ्या वयाच्या मुलामुलींना शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून अगं-तुगंच करते. आधी आज रात्रीचं बघू, बाकीचं सावकाश बोलू.

आज ती ट्यूब लावू नकोस. उद्याही नको. तोंडावर साधं पाणी घेतलं तरी चुरचुरतं, असं तू लिहितेस. अशा कातडीला काही दिवस विसावा हवा. सौम्य, बिनवासाच्या फेसवॉशनं दिवसातून दोनदा तोंड धू, न चोळता टिपून घे आणि वर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लाव. सकाळी घराबाहेर पडताना सनस्क्रीन. स्क्रब, टोनर, लिंबू, बेसन, टूथपेस्ट यातलं काहीही चेहऱ्याजवळ आणू नकोस. आणि जमेल तितक्या लवकर डॉक्टरांना फोन करून काय झालं ते सांग. डोळ्यांभोवती सूज आली, फोड आले किंवा त्यातून पाणी सुटलं, तर फोनवर न भागवता थेट जाऊन दाखव.

मी त्वचारोगतज्ज्ञ नाही. फार्मसी कॉलेजात मी औषधं घडवायचं शास्त्र शिकवत आले. म्हणजे गोळी, मलम, जेल यांच्या पोटात औषध कसं बसवायचं आणि ते शरीरात कोणत्या वेगानं सुटेल ते कसं ठरवायचं. त्यामुळे तुझ्या चेहऱ्याला काय द्यायचं हे मी सांगणार नाही, तो अधिकार डॉक्टरांचा. पण त्या दोन ट्यूबांच्या आत काय आहे आणि त्या कातडीवर काय करतात, हे नीट सांगू शकते. तुझ्या सगळ्या प्रश्नांची मेख तिथेच आहे.

केमिस्टचं पहिलं वाक्य खरं आहे. दोन्ही ट्यूबांत औषध तेच: ट्रेटिनॉइन, ‘अ’ जीवनसत्त्वाचं एक आम्लरूप. दुसरं वाक्य मात्र खरं नाही. आणि तिसरी गोष्ट तो बोललाच नाही: डॉक्टरांनी लिहिलं होतं त्यापेक्षा जास्त टक्क्याचं औषध, तेही साध्या रूपात, तुझ्या हाती पडलं. ट्रेटिनॉइन हे शेड्यूल एचमधलं, चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे. अशा औषधाच्या जागी परस्पर दुसरी ट्यूब देण्याची मुभा नियमानं दुकानदाराला नाही. त्याच्या मनात वाईट काही नसेल, गिऱ्हाइकाचे पैसे वाचवावेत असंच त्याला वाटलं असेल. पण त्यानं डॉक्टरांना एक फोन करायला हवा होता.

आता कातडीकडे वळू. तिचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो, त्याला स्ट्रेटम कॉर्नियम म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्याची जाडी १० ते २० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा एक केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे बघ हा थर किती पातळ. तरी बाहेरचं आत आणि आतलं बाहेर जाऊ न देण्याचं मुख्य काम हाच करतो. यातून पार व्हायचं तर रेणू लहान हवा आणि स्निग्ध पदार्थात विरघळणारा हवा. बॉस आणि माइनार्डी या दोघा संशोधकांनी २००० साली एक ठोकताळा मांडला, तो आजही वर्गात शिकवतात: साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) जड रेणू धडधाकट कातडीतून आत जात नाही. इन्सुलिन ५,८०० डाल्टनच्या घरात आहे, म्हणून ते मलमासारखं चोळून भागत नाही, सुई टोचावी लागते. ट्रेटिनॉइनचं वजन फक्त ३०० आणि त्यातून ते स्निग्धात विरघळणारं. आत शिरायला त्याला कोणाची मदत लागत नाही. त्याची अडचण उलटी आहे. साध्या जेलमधून ते एकाच वेळी, नको इतकं, वरच्या थरांत जाऊन बसतं. जेलमध्ये अल्कोहोल असेल तर ते उडून जातं आणि मागे राहिलेलं औषध आणखी तीव्र होतं. तुझा चेहरा लाल झाला तो यामुळे.

म्हणजे ‘मायक्रो’ हे औषध खोलवर पोचवण्यासाठी असतं, ही तुझी समजूत इथे बाजूला ठेव. पत्रात तू दोनदा लिहिलंयस की महागडं जेल ‘आतपर्यंत’ जात असेल. पॉलिमरचे, म्हणजे साखळीसारख्या लांब रेणूंच्या पदार्थाचे, बारीक गोळे मायक्रो जेलमध्ये घातले ते औषधाला धरून ठेवायला, थोडं थोडं सोडायला.

असे गोळे कसे बनतात ते सांगते, कारण एकदा डोळ्यांसमोर आलं की भीती बरीच कमी होते. महाराष्ट्रातल्या फार्मसी कॉलेजांत एम.फार्म.च्या प्रबंधासाठी हा आवडता विषय आहे, माझ्या कित्येक विद्यार्थ्यांनी यावर काम केलं. प्रयोगशाळेतली नेहमीची पद्धत अशी: युड्रागिट नावाचा पॉलिमर आणि औषध एकत्र, लवकर उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळवायचं. दुसऱ्या बीकरमध्ये पाणी आणि त्यात थोडं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. वर स्टरर फिरत असतो. पहिलं द्रावण बारीक धारेनं पाण्यात सोडलं की पाणी बघता बघता दुधाळ होतं, म्हणजे द्रावणाचे असंख्य सूक्ष्म थेंब झालेले असतात. मग तासन्‌तास ढवळत राहायचं. थेंबातला द्रावक हळूहळू बाहेर निघून जातो, पॉलिमर घट्ट होतो आणि द्रावक ज्या वाटांनी गेला तिथे छिद्रं राहतात. गाळून वाळवलं की हाती येते पांढरी, बारीक भुकटी. ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा बघताना मुली हमखास एकच बोलायच्या: “मॅडम, अनारसा!” आणि खरंच, जाळी पडलेल्या अनारशासारखाच तो पृष्ठभाग दिसतो. जाळी पडण्याचं कारणही मिळतंजुळतं, आतलं काहीतरी बाहेर निघून गेलेलं असतं. ट्रेटिनॉइनवर काम चालू असलं की खोलीत पिवळा दिवा लावायचा आणि प्रत्येक फ्लास्क फॉइलमध्ये गुंडाळायचा, कारण उजेडात ते औषध नासतं. साधं ट्रेटिनॉइन रात्रीच लावायला सांगतात, त्याचंही हे एक कारण.

अशा सच्छिद्र गोळ्यांना मायक्रोस्पंज म्हणतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियामधल्या ॲडव्हान्स्ड पॉलिमर सिस्टिम्स या कंपनीसाठी रिचर्ड वॉन यांनी त्यांचं पेटंट १९८७ साली मिळवलं. ट्रेटिनॉइन भरलेल्या अशा गोळ्यांच्या जेलला (त्याला मायक्रोस्फिअर जेल म्हणतात, तुझ्या चिठ्ठीतलं ‘मायक्रो’ ते हेच) तिथल्या औषध प्रशासनानं १९९७ साली मंजुरी दिली. त्यानंतर २००० साली, उन्हानं खराब झालेल्या कातडीवरच्या कर्करोगपूर्व खरखरीत डागांसाठी फ्लुरोयुरॅसिलचं ०.५ टक्के क्रीम याच धर्तीवर आलं. तेव्हा ही काही कालपरवाची जाहिरातबाजी नाही.

गोळा औषध कसं सोडतो हेही आम्ही मोजायचो. फ्रांझ सेल नावाचं काचेचं लहानसं उपकरण असतं. वरच्या कप्प्यात जेल, मध्ये कातडीचा तुकडा, बहुतेक वेळा डुकराच्या कानाची कातडी, कारण ती माणसाच्या कातडीला बरीच जवळची. खालच्या कप्प्यात द्रावण, आणि त्याभोवती गरम पाणी खेळवून कातडीचं तापमान ३२ अंशांवर ठेवलेलं. आपल्या त्वचेचा पृष्ठभाग साधारण तेवढाच उबदार असतो. ठरावीक वेळानं खालून थोडं द्रावण काढून घ्यायचं आणि किती औषध उतरलं ते मोजायचं. चोवीस तासांचा प्रयोग असला की मुलं डबे घेऊन रात्रभर प्रयोगशाळेत बसायची. साध्या जेलचा आलेख सुरुवातीलाच उसळी घेतो. गोळ्यांतल्या औषधाचा आलेख अंगाबेतानं वर चढत जातो. छिद्रांतलं औषध आणि बाहेरच्या जेलमधलं औषध यांचा तोल असतो. कातडीनं थोडं शोषून घेतलं की तेवढं आतून बाहेर येतं. हाताचा दाब, शरीराची ऊब, चेहऱ्याचं तेल यांनीही ते सुटतं.

माणसांवरच्या चाचण्यांतही हे दिसलं आहे. ०.१ टक्क्याचं साधं क्रीम आणि तेवढ्याच टक्क्याचं मायक्रोस्फिअर जेल यांची चेहऱ्याच्या दोन बाजूंना लावून तुलना केली गेली, तेव्हा मायक्रोस्फिअरच्या बाजूला लाली आणि कोरडेपणा कमी होता. मुरुमं मात्र साध्या औषधानंही जातात. पैशांचा प्रश्न पुढे येईल तेव्हा हे वाक्य आठव.

यातूनच तुझ्या मैत्रिणीला उत्तर मिळतं. आग होणं आणि गुण येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रेटिनॉइन रोमरंध्रांच्या तोंडाशी पेशींची गर्दी साचू देत नाही, त्यामुळे मुरुमाची सुरुवातच होत नाही. हे काम गुपचूप चालतं. लाली, चुरचुर, साल सुटणं ही वरच्या थराला झालेली इजा आहे. सुरुवातीला थोडी साल सुटते, ती चालते. पण तुझ्यासारखा चेहरा भाजल्यागत झाला की बहुतेक मुली औषधच सोडून देतात, आणि मग कितीही चांगलं औषध असो, गुण येणार कुठून? ‘आग झाली पाहिजे’ या समजुतीपायी आपल्याकडे किती जणींनी आपल्या कातडीचे हाल करून घेतले आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

आता तुझ्या भावाचं म्हणणं. त्यानं वाचलं ते अर्धं बरोबर आहे, आणि विचारलं हे चांगलंच केलं. ट्रेटिनॉइनच्या त्या मूळ जेलमधले गोळे मिथाइल मेथाक्रिलेटच्या जातीच्या पॉलिमरचे असतात, म्हणजे प्लास्टिकच्याच कुळातले. पण ते कातडीतून रक्तात जाणं शक्य दिसत नाही, आणि त्याचं कारण निव्वळ आकार. हे गोळे साधारण १० ते २५ मायक्रॉनचे. ज्या थरातून जायचं तो थरच जेमतेम तेवढा जाड, आणि त्यातल्या पेशींमधल्या फटी नॅनोमीटरमध्ये मोजायच्या, म्हणजे मायक्रॉनच्याही हजाराव्या भागात. गोळा वर राहतो, औषध तेवढं आत जातं, आणि रिकामा गोळा तोंड धुताना निघून जातो. त्याहून लहान गोळे रोमरंध्राच्या तोंडात उतरतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अडापलीन हे ट्रेटिनॉइनच्या नात्यातलं औषध सुमारे ५ मायक्रॉनच्या गोळ्यांत भरलं होतं, आणि ते गोळे नेमके रोमरंध्रांत जाऊन बसले. मुरूम तिथेच जन्म घेतो, त्यामुळे मुरुमांसाठी हे सोयीचंच. त्या अभ्यासातला पॉलिमर पीएलजीए होता, शरीरात विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यांत वापरतात त्या जातीचा.

एक गोष्ट मात्र भावाच्या बाजूनं सांगायलाच हवी. तोंड धुतल्यावर ते गोळे मोरीतून पुढे कुठे जातात, हा प्रश्न रास्त आहे. न विरघळणारं सूक्ष्म प्लास्टिक पाण्यात मिसळतंच. युरोपीय संघानं २०२३ साली मुद्दाम घातलेल्या सूक्ष्म प्लास्टिक कणांवर निर्बंध आणले, त्यात औषधांना विक्रीबंदीतून वगळलं आहे. औषधाचा उपयोग आणि पर्यावरणाचं नुकसान यांचा तिथे हिशेब मांडला गेला. मला स्वतःला वाटतं की पुढची पिढी विरघळणाऱ्या पॉलिमरचीच असायला हवी, आणि कायटोसान, पीएलजीए यांवर आपल्या प्रयोगशाळांत भरपूर काम चालूही आहे. पण वाटाण्याएवढ्या जेलपायी तू स्वतःला दोषी समजू नकोस.

मग डॉक्टरांनी महागाचं औषध उगाच लिहिलं का? मला तसं वाटत नाही. तुझी कातडी नाजूक आहे, लग्न जवळ आहे, गाव लांब असल्यानं तू वारंवार दाखवायला येऊ शकणार नाहीस. अशा मुलीला कमी आग करणारं रूप द्यावं, हा विचार समंजस आहे. तरीही पैशांचा विचार करण्यात काही गैर नाही. पतसंस्थेच्या पगारात घर आणि लग्न दोन्ही बघायचं असतं, हे मला कळतं. संकोच न करता डॉक्टरांना सरळ विचार: “हेच औषध कमी टक्क्याच्या साध्या क्रीममध्ये चालेल का? ते कसं लावू?” किंवा “अडापलीन माझ्यासाठी बरं पडेल का?” अडापलीन मुळातच कमी आग करतं आणि उजेडात टिकतं. चांगले डॉक्टर या प्रश्नांना चिडत नाहीत.

कारण औषध संथपणे देण्याचं जे काम गोळा करतो, त्यातलं बरंचसं हातानंही साधता येतं. आठवड्यात अर्धी ट्यूब संपली, हे तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं. म्हणजे रोज जवळजवळ दीड ग्रॅम औषध. अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याच्या दाण्याएवढं, पाव ते अर्धा ग्रॅम पुरतं. तू जवळजवळ तिप्पट लावत होतीस, कदाचित त्याहूनही जास्त. साधं औषध घ्यायचं ठरलं तर सगळ्यात कमी टक्क्यापासून सुरुवात करतात. पहिले काही आठवडे दर तिसऱ्या रात्री. तोंड धुऊन पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, आधी मॉइश्चरायझर, मग औषध. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी यांवर एकेक टिंब देऊन हलकेच पसरायचं. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे, डोळ्यांभोवतीचा भाग सोडायचा, तिथे हवं तर आधीच थोडं पेट्रोलियम जेली लावून ठेवायचं. काही डॉक्टर सुरुवातीला अर्धा-पाऊण तास ठेवून धुऊन टाकायलाही सांगतात. चेहरा सोसतोय असं दिसलं की एकाआड एक रात्र. मायक्रो जेलचे गोळे तुला या शिस्तीतून पूर्ण मोकळीक देत नाहीत, फक्त चुकीला थोडी जास्त जागा देतात. आणि ट्यूबची किंमत बघताना ती किती महिने पुरते तेही बघ. नीट लावलं तर २० ग्रॅमची ट्यूब महिन्याच्या वर सहज जाते, एकाआड एक रात्र लावलं तर त्याच्या दुप्पट. मग ‘महाग’ आणि ‘स्वस्त’ यांतलं अंतर तुला वाटतं तेवढं उरणार नाही.

एकदा एक रूप तुला सोसलं की दर महिन्याला कंपनी बदलू नकोस. दोन ट्यूबांवर एकच टक्केवारी आणि ‘मायक्रो’ हा एकच शब्द असला, तरी आतले गोळे वेगळे असू शकतात, औषध सुटण्याचा वेगही वेगळा. सकाळी लावायला बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल दिलं असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाल. साधं ट्रेटिनॉइन आणि ते एकाच वेळी लावलं तर, विशेषतः उजेडात, ट्रेटिनॉइन नासतं. गोळ्यांतलं त्यापासून बऱ्यापैकी वाचतं.

लग्नाचं म्हणशील तर तुझ्याकडे वेळ आहे. पाच महिने म्हणजे वीसेक आठवडे, आणि या औषधाचा गुण दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. पहिल्या दोन ते चार आठवड्यांत मुरुमं वाढल्यासारखी वाटतील, तेव्हा घाबरू नकोस आणि दुप्पटही लावू नकोस. नवीन मुरुमं थांबली तरी जुने काळपट डाग हळूहळू जातात, ते लग्नापर्यंत सगळे जातीलच असा शब्द मी देऊ शकत नाही. तुझ्या होणाऱ्या सासरच्यांनी तुला मुरुमांसकट पसंत केलंय. त्या दिवसापर्यंत चेहरा काचेसारखा झालाच पाहिजे हे ओझं तुझ्यावर कोणी टाकलंय, की तूच घेतलंयस, याचा एकदा शांतपणे विचार कर.

पार्लरमध्ये पॅकेज ठरलं असेल, तर तिथल्या ताईंना हे औषध चालू आहे हे आधीच सांग. ट्रेटिनॉइन लावलेल्या चेहऱ्यावर वॅक्सिंग केलं तर मेणाबरोबर कातडी सोलवटून येऊ शकते. ब्लीच आणि पील यांनीही भाजू शकतं. त्याआधी किती दिवस औषध थांबवायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घे आणि लग्नाच्या आठवड्यात कोणताही नवा प्रयोग चेहऱ्यावर होऊ देऊ नकोस. हळदी समारंभाला हळद लागणारच, ती लागू दे, पण चेहऱ्याला हलकीच लावायला आत्या-मावश्यांना सांग आणि लवकर धुऊन टाक.

आईचंही ऐक. थांब म्हणाली ते तिचं बरोबरच होतं. हळद-साय मात्र सध्या नको. साय तेलकट, मुरुमांच्या चेहऱ्यावर ती नकोच, आणि सोललेल्या कातडीवर हळदही चुरचुरते. हळदीतल्या कर्क्युमिनचे दाहशामक गुण खरे आहेत. त्याचं वजनही ३६८ डाल्टन, म्हणजे मर्यादेच्या आत. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि उजेडात टिकत नाही, म्हणून वाटीतल्या लेपातून कातडीला फारच थोडं मिळतं. ते मायक्रोस्पंजमध्ये भरून बघण्याचे प्रयोग आपल्याकडे झाले आहेत. आईला सांग, तिची हळदही याच रांगेत उभी आहे.

आता एक गोष्ट, जी तू विचारली नाहीस पण विचारायला हवी होतीस. लग्नानंतर लगेच मूल हवं असेल, किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर डॉक्टरांना आत्ताच सांग. कातडीवर लावलेलं ट्रेटिनॉइन रक्तात फारच थोडं जातं, तरीही गरोदरपणात ते आणि अडापलीन, दोन्ही टाळतात. ॲझेलेइक ॲसिडसारखे दुसरे उपाय असतात. आणि घाई आहे म्हणून कोणी आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल पोटात घ्यायला सुचवल्या, तर फार सावध राहा. त्यानं गर्भाला गंभीर व्यंग येऊ शकतं. त्या चालू असताना आणि शेवटच्या कॅप्सूलनंतर किमान महिनाभर दिवस राहता कामा नयेत. लाजेपोटी ही चर्चा टाळू नकोस. होणाऱ्या नवऱ्यालाही या बोलण्यात घे.

आणखी एक सावधगिरी, जी तुझ्यासारखं पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकीनं घ्यावी. दुकानातून बदलून दिलेली ट्यूब घरी आणलीस की मागचा बारीक मजकूर उजेडात धरून वाच. ट्रेटिनॉइनच्या सोबत हायड्रोक्विनोन (डाग फिके करणारं औषध) आणि मोमेटासोन, किंवा कुठेही बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन अशी नावं दिसली तर त्यात स्टेरॉइड आहे. अशी क्रीमं पहिल्या आठवड्यात चेहरा उजळवतात, म्हणून ती ‘गोरेपणाची’ म्हणून हातोहात विकली जातात. महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमं उलट उसळतात, आणि सोडली की आग. २०१८ साली केंद्र सरकारनं लावायची स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी आणली, तरी काउंटरवरून ती आजही मिळतात. तू दिलेल्या वर्णनावरून तुझी ट्यूब साधं ट्रेटिनॉइनच वाटते, पण स्वतः वाचून खात्री कर.

डॉक्टरांकडे जाताना केमिस्टनं दिलेली ट्यूब, जुनी चिठ्ठी आणि चेहरा लाल असतानाचे फोटो सोबत ने. नवीन औषध मिळालं की ते खिडकीत किंवा न्हाणीघरात ठेवू नकोस. झाकण घट्ट लावून, उन्हापासून लांब, कपाटात ठेव. कोणत्या रात्री लावलं ते कॅलेंडरवर खूण करून ठेव, म्हणजे पुढच्या खेपेला डॉक्टरांना नेमकं सांगता येईल. तीन महिन्यांनी काय फरक पडला ते मला अवश्य कळव.